बातमीदाराचे दप्तर

कुठल्या तुकडीत होतात, हुद्दा काय, वय किती, इथपर्यंत ती प्रश्नावली सरकारी फॉर्मसारखी चालते. मग तिचा सूर बदलतो. इंग्लिश खाडी ओलांडताना बोटीवर वेळ कसा काढलात? कोणाशी काय बोलणे झाले? जहाजावर कसल्या अफवा उडत होत्या? डायरी ठेवली होती का? तुमच्या मित्रांपैकी कोणी पडले का, आणि पडण्याआधी तो तुमच्याशी काय बोलला होता? शेवटी एक अनपेक्षित प्रश्न येतो. त्या वेळी हसण्यासारखी मुळीच वाटली नव्हती, पण आज आठवली की हसू येते, अशी एखादी गोष्ट घडली होती का?

६ जून १९४४ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर सुमारे दीड लाख दोस्त सैनिक उतरले. त्यांच्यापैकी जे वाचले, त्यांना ही प्रश्नावली तेरा-चौदा वर्षांनी मिळाली. तोवर ते पांगले होते. कोणी शेती करत होता, कोणी विमा विकत होता, कोणी अजून लष्करातच होता. त्यांना गाठण्यासाठी वर्तमानपत्रांत आणि माजी सैनिकांच्या मासिकांत छोट्या जाहिराती दिल्या गेल्या होत्या, तुम्ही त्या दिवशी तिथे होतात का, असे विचारणाऱ्या. विचारणारा होता कॉर्नेलियस रायन, डब्लिनमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला एक पत्रकार. उत्तर देणाऱ्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. या उत्तरांतून १९५९ मध्ये ‘द लाँगेस्ट डे’ हे पुस्तक तयार झाले. त्याच्या शेवटी साक्षीदारांची यादी छापली आहे, आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो आता काय करतो तेही दिले आहे. युद्धेतिहासाच्या पुस्तकात असली यादी सहसा सापडत नाही. लढाई सांगणारा माणूस सेनापतीच्या तंबूतून न येता शेजारच्या गल्लीतून आला आहे, हे वाचकाच्या ध्यानात राहावे अशी ती योजना होती.

पुस्तक जगभर गेले. त्यावरचा चित्रपट १९६२ मध्ये आला. तोही गाजला. इथे मात्र विषय आहे तो या पुस्तकामागच्या आणि रायनच्या पुढच्या दोन पुस्तकांमागच्या कागदांचा. प्रश्नावल्या, मुलाखतींची टिपणे, पत्रव्यवहार, नकाशे, ध्वनिफिती, छायाचित्रे असा हा सगळा पसारा आज अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अथेन्स नावाच्या लहानशा गावात आहे. १८०४ मध्ये स्थापन झालेले ओहायो विद्यापीठ हे त्या गावाचे मुख्य वैभव. विद्यापीठाच्या ऑल्डन ग्रंथालयातल्या मान केंद्रात रायनचे महायुद्धविषयक कागद खोके आणि फाइल यांच्या क्रमांकांनिशी लावून ठेवले आहेत. संग्रहाचे मुख्य भाग तीन, तीन पुस्तकांचे. त्यांच्या आत माणसे तुकडीवार, देशवार लावलेली. एका माणसाची एक फाइल, तिच्यात त्याने भरलेली प्रश्नावली, त्याची पत्रे, कोणी त्याला प्रत्यक्ष भेटले असेल तर त्या भेटीचा वृत्तान्त.

रायनने पुस्तके लिहिली ती लाखो सामान्य वाचकांसाठी. कागद जपले ते स्वतःच्या कामासाठी, कोणी पुरावा मागितला तर दाखवता यावा म्हणून. पण आज पुस्तकांपेक्षा त्या कागदांचे मोल वाढलेले आहे. त्याचे कारण थोडे गमतीचे आहे. रायनची जी विधाने पुढे डळमळीत ठरली, ती नेमकी कुठे आणि कशामुळे डळमळली, हे तपासायलाही याच दप्तराचा आधार घ्यावा लागतो.

आधी माणूस थोडक्यात. रायनचा जन्म ५ जून १९२०चा. नॉर्मंडीवरची चढाईही आधी ५ जूनलाच ठरली होती आणि हवामानामुळे एक दिवस पुढे गेली, म्हणजे त्याचा चोविसावा वाढदिवस इतिहासात जमा होता होता राहिला. लहानपणी तो व्हायोलिन शिकला. १९४० मध्ये लंडनला आला, रॉयटर्समध्ये काम केले, मग ‘डेली टेलिग्राफ’चा युद्धवार्ताहर झाला. अमेरिकन बाँबफेकी विमानांतून त्याने १४ मोहिमांवर प्रवास केला. पुढे तो जनरल पॅटनच्या तिसऱ्या सेनेबरोबर युरोपभर फिरला आणि युरोपातले युद्ध संपल्यावर पॅसिफिक आघाडीवर गेला. १९४७ मध्ये अमेरिकेत आला. ‘टाइम’, ‘न्यूजवीक’ करत ‘कोलियर्स’ या साप्ताहिकात स्थिरावला.

‘कोलियर्स’मध्ये असताना त्याने केलेले एक काम महायुद्धाशी संबंध नसूनही इथे सांगण्याजोगे आहे. १९५२ ते १९५४ या काळात या साप्ताहिकाने माणूस अंतराळात कसा जाईल यावर एक लेखमाला चालवली. वेर्नर फॉन ब्राउनसारखे शास्त्रज्ञ आणि चेस्ली बोनस्टेलसारखे चित्रकार एकत्र बसवून सगळ्यांचे म्हणणे सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत आणायचे, हे संपादकीय काम रायनकडे होते. तो शास्त्रज्ञ नव्हता. तज्ज्ञाला अडाणी वाटावा असा प्रश्न विचारायचा आणि उत्तर कळेपर्यंत त्याला सोडायचे नाही, ही त्याची हातोटी. पुढे लष्करी अधिकाऱ्यांसमोर तीच कामी आली.

१९५६च्या अखेरीस ‘कोलियर्स’ बंद पडले. शेवटचा अंक जानेवारी १९५७चा. नोकरी गेली, डोक्यावर कर्ज, आणि डोक्यात नॉर्मंडी. १९४९ मध्ये चढाईच्या पाचव्या वर्षदिनी तो त्या किनाऱ्यावर गेला होता आणि तेव्हापासून हा विषय त्याच्या मानगुटीवर बसला होता. शेवटी ‘रीडर्स डायजेस्ट’ने हात दिला. ज्या मासिकाची भारतीय आवृत्ती १९५४ पासून निघत होती आणि मराठी मध्यमवर्गीय घरांतही येत होती, तेच हे. ‘डायजेस्ट’ची देशोदेशी कार्यालये होती, तिथे भाषा जाणणारी, दार ठोठवायला तयार असलेली माणसे होती. रायनच्या एकट्याच्या जिवावर एवढे साक्षीदार पाच देशांतून गोळा झाले नसते. या दप्तराचा कर्ता म्हणून एकट्या रायनचे नाव लागते खरे, पण फाइली चाळताना निरनिराळे टंकलेखक, निरनिराळे मुलाखतकार, निरनिराळ्या शैलीतली टिपणे भेटत राहतात. त्याची पत्नी कॅथरीन मॉर्गन रायन स्वतः लेखिका आणि संपादक होती. तिचा हातही या कामात सतत होता.

पत्रकाराच्या हाती इतिहास आला की काय होते, त्याचा उत्तम नमुना म्हणजे फील्ड मार्शल रोमेलचे बूट. चढाईच्या आदल्या आठवड्याअखेरीस, ४ जूनला, रोमेल फ्रान्समधले मुख्यालय सोडून जर्मनीत घरी गेला. त्याच्या बायकोचा वाढदिवस ६ जूनला होता आणि तिच्यासाठी त्याने पॅरिसमधून बूट घेतले होते. राखाडी स्वेडचे, साडेपाच नंबरचे. नंबर कशाला हवा? लष्करी इतिहासाला त्याची गरज नाही. पण किनाऱ्याच्या संरक्षणाची जबाबदारी असलेला सेनापती ऐन वेळी जागेवर नव्हता, हे वाक्य वाचक विसरतो, आणि साडेपाच नंबरचे बूट विसरत नाही. असा तपशील कागदपत्रांत आपोआप मिळत नाही. तो कोणाला तरी विचारावा लागतो. रोमेलच्या विधवेकडून आणि त्याच्या अधिकाऱ्यांकडून रायनने असे बरेच काही काढून घेतले.

दुसरा नमुना अमेरिकन छत्रीधारी शिपायाचा. आर्थर ‘डच’ शुल्ट्झ याने चढाईच्या आधी फाशांच्या जुगारात अडीच हजार डॉलर जिंकले. एवढे नशीब एकदम खर्च झाले तर पुढे काय उरणार, या धास्तीने तो परत खेळायला बसला आणि सगळे हरला. रणनीतीच्या दृष्टीने शून्य किमतीची गोष्ट. पण विमानात चढण्यापूर्वीच्या रात्री विशीतल्या पोराच्या मनात काय चालते, हे तिच्याइतके नेमके सांगणारी दुसरी गोष्ट शोधून मिळणार नाही.

हे झाले बलस्थान. आता त्याच नाण्याची दुसरी बाजू.

साक्ष ही साक्षच असते. जर्मन तोफखान्याचा मेजर वेर्नर प्लुस्काट पहाटेच्या अंधुक उजेडात निरीक्षण-चौकीतून समुद्राकडे पाहतो आणि क्षितिज जहाजांनी भरलेले दिसते, हा पुस्तकातला आणि चित्रपटातलाही सर्वांत लक्षात राहणारा प्रसंग. प्लुस्काट त्या रात्री खरोखर चौकीत होता का, याबद्दल नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. प्रसंग त्याच्या सांगण्यावर उभा आहे, आणि जागेवर नव्हतो असे कोणता अधिकारी आपणहून सांगेल?

पॉइंट दु ऑकचे प्रकरण याहून बोलके आहे. तिथल्या उभ्या कड्यावर दोरखंडांनी चढून अमेरिकन रेंजर्सनी जर्मन तोफांची जागा काबीज केली. वर पोचल्यावर तोफा जागेवर नव्हत्या. रायनच्या पुस्तकात या साहसाचा शेवट व्यर्थ बलिदानाच्या सुरात होतो. आत कुठेतरी रेंजर्सच्या गस्तीला पाच तोफा बेवारस सापडल्या, ही हकिकत तळटीपेत गेली. प्रत्यक्षात लिओनार्ड लोमेल आणि जॅक कून या दोन रेंजर्सनी झाडीत दडवलेल्या त्या तोफा त्याच सकाळी शोधल्या आणि थर्माइटच्या हातबाँबनी निकामी केल्या होत्या. मोहिमेचा हेतूच तो होता आणि तो साधला होता. रेंजर्सना ही तळटीप पुढे अनेक वर्षे बोचत राहिली. रायनने खोटे लिहिले नाही. तथ्य त्याच्यापाशी होते, त्याने ते खालच्या बारीक टाइपात टाकले, कारण रिकाम्या चौथऱ्यांची शोकांतिका कथेला जास्त शोभत होती. कथाकार आणि बातमीदार यांची एकाच माणसाच्या आत चालणारी ओढाताण बघायची तर ती या पानावर बघावी.

दुसरे पुस्तक ‘द लास्ट बॅटल’, १९६६चे. विषय बर्लिनचा पाडाव. इथे कागद गोळा करणे कितीतरी अवघड होते, कारण अर्धे साक्षीदार लोखंडी पडद्याच्या पलीकडे. तरीही १९६३ मध्ये रायन मॉस्कोला गेला. शीतयुद्ध ऐन भरात, क्यूबाचे क्षेपणास्त्र-प्रकरण नुकतेच निवळलेले, आणि एका अमेरिकन लेखकाला सोव्हिएत सेनानींच्या मुलाखती घेण्याची मुभा मिळते, ही त्या काळात बातमीच होती. सोबत होता जॉन एरिक्सन, रशियन जाणणारा ब्रिटिश इतिहासकार, ज्याने पुढे ‘द रोड टू स्टालिनग्राड’ आणि ‘द रोड टू बर्लिन’ हे ग्रंथ लिहिले. कोनेव, चुइकोव, रोकोसोव्हस्की, सोकोलोव्हस्की अशी मातब्बर मंडळी भेटली. झुकोवचे नाव या यादीत नाही. बर्लिन घेणारा मुख्य सेनापती तोच, पण तो त्या काळी सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतून उतरला होता. त्यामुळे बर्लिनच्या शर्यतीची हकिकत त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या तोंडून ऐकावी लागते. हे फाइली वाचणाऱ्याने मनात ठेवलेले बरे.

जर्मन बाजूने सगळ्यांत भरघोस साक्ष जनरल गोटहार्ड हाइनरिचीची. ठेंगणा, तिखट जिभेचा, बचावाच्या लढाईत मुरलेला माणूस. मार्च १९४५ मध्ये हिमलरच्या जागी त्याला ओडर नदीकाठच्या सेनासमूहाचा प्रमुख नेमले. १६ एप्रिलला सोव्हिएत तोफखान्याचा भडिमार सुरू होण्याआधी त्याने पुढच्या रांगेतली माणसे गुपचूप दुसऱ्या रांगेत मागे घेतली आणि सुरुवातीचा प्रचंड मारा बव्हंशी मोकळ्या खंदकांवर पडला. हा डाव कसा सुचला, कधी आदेश दिला, हे त्याने रायनला बारकाईने सांगितले. एक गोष्ट मात्र खटकते. हाइनरिची रायनला आवडला होता, आणि ते पुस्तकात लपत नाही. पराभूत सेनापती आपली बाजू मांडतो तेव्हा तो स्वतःला हिटलरच्या वेडेपणापासून चार हात दूर ठेवतो. पूर्व आघाडीवर याच सेनापतींच्या हाताखाली काय काय झाले, हा प्रश्न साठच्या दशकातले लोकप्रिय लेखक फारसा विचारत नव्हते. रायननेही पुरेसा विचारला नाही.

पण बर्लिनच्या फाइलींचा प्राण सेनापतींत नाही. तो शहरातल्या माणसांत आहे. पुस्तक सुरू होते ते एका दूधवाल्यापासून. बाँबने उद्ध्वस्त झालेल्या रस्त्यांतून तो रोजच्या वेळी रतीब घालायला निघतो. लपून राहिलेले ज्यू, कारखान्यांत राबणारे परदेशी मजूर, रुग्णालयातल्या नन, प्राणिसंग्रहालयाचे रखवालदार, आणि सोव्हिएत फौजा शहरात शिरल्यानंतरचे दिवस तळघरांत काढलेल्या बायका. सैनिकांनी केलेल्या बलात्कारांबद्दल बर्लिनच्या बायका रायनशी आणि त्याच्या सहकाऱ्यांशी बोलल्या, आणि त्याने ते छापले. त्या काळी हा विषय जर्मनीत दबून होता, सोव्हिएत संघात नाकारला जात होता आणि पश्चिमेतल्या लोकप्रिय पुस्तकांत क्वचितच येत होता. त्या बायकांनी अनोळखी परदेशी पत्रकाराला हे का सांगितले असेल? एक शक्यता अशी की आधी कोणी विचारलेच नव्हते. दुसरी अशी की विचारणारा शेजारी नव्हता, गावचा नव्हता, ऐकून निघून जाणारा होता.

तिसरे पुस्तक ‘अ ब्रिज टू फार’. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश फील्ड मार्शल मॉंटगोमेरीच्या योजनेनुसार हॉलंडमधल्या पुलांची एक लांबलचक साखळी छत्रीधारी सैन्याने पुढे उतरून ताब्यात घ्यायची आणि रणगाड्यांनी एकाच रस्त्याने त्यांना येऊन मिळायचे, असे ठरले. शेवटचा पूल ऱ्हाईनवरचा, आर्नेमचा. तो हाती राहिला नाही. तिथे उतरलेल्या सुमारे दहा हजारांपैकी जेमतेम अडीच हजार नदी ओलांडून परतले. एकूण मोहिमेत दोस्तांचे सतरा हजारांवर सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, हा रायनचा हिशेब. नॉर्मंडीच्या पहिल्या दिवसापेक्षा ही हानी जास्त, असे त्याने आग्रहाने मांडले. विजयाच्या वर्षातला एवढा मोठा पराभव ब्रिटिश-अमेरिकन वाचकांसमोर त्याने ज्या तपशिलाने ठेवला, तसा तोवर कोणी ठेवला नव्हता. मराठी प्रेक्षकाला यावरचा चित्रपट ठाऊक असतो. रिचर्ड ॲटनबरोने तो १९७७ मध्ये केला, ‘गांधी’च्या पाच वर्षे आधी.

आता एक निरीक्षण, जे दप्तर शेजारी ठेवल्याशिवाय नीट सुचत नाही. रायनच्या तीन पुस्तकांपैकी दोहोंची शीर्षके कोणीतरी उच्चारलेल्या एकेका वाक्यावरून आली आहेत, आणि दोन्ही वाक्ये फक्त दुसऱ्या कोणाच्या स्मरणातून आपल्यापर्यंत पोचली आहेत. पहिले रोमेलचे. चढाईचा पहिला दिवस दोन्ही बाजूंसाठी सर्वांत लांब ठरेल, असे तो २२ एप्रिल १९४४ रोजी आपल्या सहायकाला म्हणाला. हे सांगणारा तो सहायक, हेल्मुट लांग. दुसरे आर्नेम मोहिमेतल्या ब्रिटिश जनरल फ्रेडरिक ब्राउनिंगचे. आपण एक पूल जास्तच पुढे जातो आहोत, अशा अर्थाचे काहीतरी तो मोहिमेआधी मॉंटगोमेरीला म्हणाला, अशी ख्याती आहे. ती आर्नेमला लढलेल्या जनरल रॉय उर्कहार्टच्या १९५८च्या आठवणींतून आली. ब्राउनिंग स्वतः १९६५ मध्येच वारला होता, आणि रायनचे आर्नेमवरचे काम त्यानंतर जोमात आले. त्यामुळे ज्याच्या तोंडी शीर्षक आहे, त्याचीच साक्ष या दप्तरात नाही.

नंतरच्या इतिहासकारांनी या वाक्याची बरीच चिरफाड केली. एक तर ज्या १० सप्टेंबरच्या बैठकीशी ते जोडले जाते, तिथे ब्राउनिंग हजर असल्याचे दिसत नाही. दुसरे म्हणजे त्याच्या काही दिवस आधी ‘कॉमेट’ नावाची एक योजना त्याच्याच हाताखाली तयार होत होती, आणि तीत आर्नेमचाच पूल त्याहून कमी सैन्याने घ्यायचा होता. कमी माणसांत जो पूल जवळचा वाटला, तो जास्त माणसांत लांबचा कसा वाटेल? हे सगळे मान्य केले तरी शीर्षक आता भाषेत रुजले आहे. जगभरची वर्तमानपत्रे ते मथळ्यात वापरतात. ब्राउनिंगची विधवा, कादंबरीकार डॅफ्ने दु मॉरिए, हिला चित्रपटातले नवऱ्याचे चित्रण मुळीच पटले नव्हते.

तशीच गोष्ट ब्रायन उर्कहार्टची. जनरलचा आणि त्याचा काही नातेसंबंध नव्हता. हा तरुण गुप्तवार्ता अधिकारी. आर्नेमजवळ जर्मन चिलखती तुकड्या आहेत, असा इशारा त्याने दिला, हवाई छायाचित्रे ब्राउनिंगपुढे ठेवली, आणि थकवा आला आहे असे कारण देऊन त्याला रजेवर पाठवण्यात आले. पुढे तो संयुक्त राष्ट्रसंघात उपमहासचिव झाला. त्याची हकिकत रायनच्या पुस्तकातून लोकांपर्यंत गेली आणि वरिष्ठांच्या अहंकाराचे ती जणू प्रमाणपत्रच बनली. नंतर सेबॅस्टियन रिची या हवाई दलाच्या इतिहासकाराने १२ सप्टेंबर १९४४चे एक छायाचित्र हॉलंडमधल्या संग्रहातून शोधून काढले. त्यात रणगाडे आहेत, पण ते जुन्या बनावटीचे, प्रशिक्षण तुकडीकडचे दिसतात. ज्या पान्झर डिव्हिजनांनी पुढे ब्रिटिशांना पिटाळले, त्यांचे नव्हेत. म्हणजे उर्कहार्टला धोका दिसला हे खरे, आणि त्या चित्रावरून मोहीम रद्द करण्याचा निष्कर्ष निघत नव्हता, हेही बहुधा खरे. रायनला हे छायाचित्र मिळाले नव्हते. त्याच्यापुढे एक प्रामाणिक माणूस बसला होता आणि त्याने त्याच्यावर विश्वास ठेवला.

आर्नेमचे काम चालू असताना, १९७० मध्ये, रायनला प्रोस्टेटचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. पुढची चार वर्षे त्याने उपचार आणि लेखन यांची सांगड घालत काढली. चालताना काठ्या लागू लागल्या. हाडांत दुखणे पसरले. ‘अ ब्रिज टू फार’ सप्टेंबर १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २३ नोव्हेंबरला रायन गेला. वय ५४. त्याच्या मागे कॅथरीनला काही ध्वनिफिती सापडल्या. आजाराचे निदान झाल्यापासून रायन त्यांवर गुपचूप बोलत आला होता. डॉक्टर काय म्हणाले, कोणता पर्याय नाकारला, पैसे कुठून येणार, मुलांना काय सांगायचे. स्वतःच्या मरणाचीही बातमी त्याने टिपणांसह जमवली होती. तिच्या आठवणी जोडून त्याचे ‘अ प्रायव्हेट बॅटल’ हे पुस्तक १९७९ मध्ये निघाले.

विद्यापीठीय इतिहासकारांनी रायनला बराच काळ पंगतीच्या बाहेरच ठेवले. तळटिपा कमी, संवाद फार, सेनापतींपेक्षा शिपायांवर भर, आणि वर खप प्रचंड. शेवटचे कारण अर्थात कोणी उघड बोलून दाखवत नसे. त्याची उतरंड मात्र पुढे सगळ्यांनीच उचलली. सेनापतीची खोली, मग शिपायाचा खंदक, मग स्वयंपाकघरात दडलेली बाई, पुन्हा सेनापती, ही मांडणी आज युद्धावरच्या प्रत्येक जाड पुस्तकात दिसते. ब्रिटिश इतिहासकार अँटनी बीव्हरने २०१८ मध्ये आर्नेमवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याने अथेन्सच्या या संग्रहाचा भरपूर उपयोग केला, आणि रायनने गोळा केलेल्या पण न वापरलेल्या साहित्याची मोकळेपणाने वाखाणणी केली. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या साक्षीदारांना आज भेटणे शक्यच नाही. प्रश्न विचारायची वेळ रायनने साधली होती.

त्रुटी आहेतच. नॉर्मंडीच्या ओमाहा आणि युटा किनाऱ्यांवर बॅरेज बलून चढवणारी अमेरिकन सैन्याची ३२०वी बटालियन कृष्णवर्णीय होती. ‘द लाँगेस्ट डे’च्या चित्रपटात ती कुठे दिसत नाही. सोव्हिएत बाजूने मार्शल बोलतात, शिपाई मात्र जवळजवळ मुके आहेत. कारण सरकारने भेटू दिले ते सरकारला हवे होते तेच. आणि सर्वांत मोठी त्रुटी कुठल्याही मुलाखतकाराला भरून काढता येणारी नाही. प्रश्नावली पोचली ती वाचलेल्यांपर्यंत. नॉर्मंडीच्या पहिल्या दिवशी मेलेल्या दोस्त सैनिकांची नावे अमेरिकेतल्या डी-डे स्मारक प्रतिष्ठानने एकेक करून जमवली. तो आकडा ४,४१४ निघाला. रायनच्या फाइलींत ते येतात फक्त मित्रांच्या उत्तरांतून, त्या ‘पडण्याआधी काय बोलला’ या प्रश्नाखाली.

संग्रहातला काही भाग विद्यापीठाने डिजिटल करून खुला केला आहे. पुण्यात किंवा पणजीत बसूनही त्या प्रश्नावल्या पाहता येतात. काही हाताने भरलेल्या आहेत, काही टंकलिखित, काहींत जागा अपुरी पडल्याने जादा कागद जोडलेले. नव्याने येणाऱ्या वाचकाने नॉर्मंडीपासून सुरुवात करण्याचा मोह टाळावा, कारण तिथल्या साक्षी चित्रपटाने इतक्या वापरल्या आहेत की डोळ्यांसमोर नटच येतात. त्यापेक्षा आर्नेमच्या पुलाच्या उत्तर टोकाशी, १७ सप्टेंबरच्या रात्रीपासून वाचायला घ्यावे. तिथे अडकलेले कर्नल फ्रॉस्टचे छत्रीधारी सैनिक, त्यांना हटवायला आलेल्या पान्झर तुकड्यांचे अधिकारी आणि मधल्या घरांत सापडलेले डच नागरिक, तिघांचेही कागद या दप्तरात आहेत. रायनची प्रकरणे त्यानंतर वाचली तर त्याने त्यांतून काय उचलले आणि काय मागे ठेवले, ते ओळीओळीला कळत जाते.